वरचा थर माझा

दिव्याभोवती ते हिरवे चिमुकले किडे जमायला लागले, की मला कळतं, आता ट्रंका उघडायच्या. काली पूजा होऊन गेलेली असते. संध्याकाळी हवेत धुराचा एक थर खाली उतरतो आणि अख्खं कोलकाता, अजून अंगाला घाम येत असतानाच, कानटोप्या घालून फिरायला लागतं. पूर्वी याच दिवसांत दुपारी गल्लीतून तारेचा टणत्कार यायचा. कापूस पिंजणारा खांद्यावर आपलं धनुष्य घेऊन फिरायचा आणि ती तार बोटाने छेडत जायचा. न्यू टाउनमध्ये, अकराव्या मजल्यावर, ना किडे येतात ना तो टणत्कार. पण रुनू बाल्कनीत रजया, गोधड्या उन्हाला टाकते आणि त्यांचा तो बंद ट्रंकेतला वास घरभर होतो. मग मला बसवत नाही.

परवा इराचा फोन होता. इरा म्हणजे रुनूची मुलगी, माझी नात, अमेरिकेत असते. तिला सध्या गोधड्यांचं वेड लागलंय. तुकडे जोडून वरचा थर घरी तयार करायचा आणि तो दुकानात नेऊन द्यायचा. तिथे लांब हाताचं एक थोरलं मशीन असतं म्हणे, ते वरचा थर, मधला कापूस आणि खालचं कापड असं सगळं एकत्र टाचून देतं. पण दुकानाच्या अटी फार. इस्त्री करून आणा, लोंबते दोरे कापून आणा, कडा सरळ हव्यात, खालचं कापड चारी बाजूंनी वीतभर मोठं हवं, आत टाचणी राहता कामा नये.

"आजी, शिवण्यापेक्षा ही तयारीच जास्त आहे गं. एवढं सगळं कोण करतं?"

"मी केलंय," मी म्हटलं.

केलंय, आणि दात-ओठ खात केलंय. पण ते काही तिला सांगितलं नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी मिरजेहून या शहरात आले ती बिजवराशी लग्न करून. हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते, भवानीपूरला पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर होतं. घरात सासूबाई होत्या आणि पाच वर्षांची रुनू. आणि सुधा होती. म्हणजे नव्हती, वर्षापूर्वी तापाने गेली होती. पण घरात सगळ्यांत जास्त जागा तिनेच अडवली होती.

माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर आणखी एक वस्तू आली. नखाएवढा चांदीचा टाक, त्यावर बाईची आकृती. पहिली गेलेल्या घरात दुसरी येते तेव्हा तिने हा पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नवी साडी आली की ती आधी टाकाला लावायची, हळदकुंकू वाहायचं, मग आपण नेसायची. म्हणजे दिवाळीची माझी कोरी साडीसुद्धा आधी तिची, मग माझी. सवत जिवंत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ही माझ्याच गळ्यात, माझ्याच छातीवर बसून, माझ्याआधी नटायची.

सुधा इथलीच. कोलकात्यात जन्मलेली, मराठी मास्तरांची मुलगी, बंगाली फाडफाड बोलणारी. भाजीवाला मला पाहून तिची आठवण काढायचा. खालच्या मजल्यावरच्या मासीमा जिन्यात गाठून सांगायच्या, "शुधार मतो शांतो मेये आर हॉबे ना." तिच्यासारखी शांत मुलगी पुन्हा व्हायची नाही, हे समजण्याइतकं बंगाली मला पहिल्याच महिन्यात आलं; ऐकलंच तेवढं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले तर तिथेही तेच. "गाय होती हो गाय. आवाज म्हणून कधी चढला नाही." मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमची आई म्हणायची. मी तोंडात तिळगूळ धरून ऐकत राहायची. माझा आवाज लहानपणापासून चढा. मिरजेला शेजारच्यांना आमच्या घरी काय शिजलंय ते माझ्या बोलण्यावरून कळायचं.

एकटे हे तिच्याबद्दल काही बोलत नसत. अवाक्षर नाही. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. माणूस बोलतो ते आपल्याला कळतं, न बोललेलं किती असेल याचा अंदाज कसा करायचा?

आणि रुनू. सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, दाराआडून बघणारी. मला ती काहीच हाक मारत नसे. पाणी हवं असलं, वेणी घालून हवी असली, की जवळ येऊन "अहो" म्हणायची. नवऱ्याला म्हणतात तसं. मला हसू यायचं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडू यायचं. बावीस वर्षांची होते मी. पुढे मला मूल झालं नाही, पण ते तेव्हा कुठे माहीत होतं? तरी तेव्हापासूनच मला एवढं एकच हवं होतं, की ही मुलगी माझी व्हावी. पुरती माझी. त्यात वाटेकरी नको.

अशात थंडीची चाहूल लागली आणि सासूबाई म्हणाल्या, "सुधाच्या साड्या नुसत्या ट्रंकेत पडल्यात. तुझा हात शिवणाला चांगला आहे. त्यांची गोधडी कर पोरीला. आईची ऊब मिळेल."

आईची ऊब. मी समोर पोळ्या लाटत होते.

ट्रंक उघडली. सगळ्या सुती, बहुतेक बंगाली तांताच्या, म्हणजे हातमागाच्या. धुवून धुवून लोण्यासारख्या झालेल्या. पुढचे कितीतरी दिवस दुपारी रुनू शाळेत, सासूबाई लवंडलेल्या, आणि मी खिडकीपाशी जमिनीवर त्या साड्या पसरून बसलेली. गोधडीसाठी कापड निवडायचं तर प्रत्येक साडी उजेडासमोर धरून बघावी लागते. कुठे विरलीय, कुठे धड आहे. मी निवडत होतेच, पण खरं सांगायचं तर मी तिच्यातली खोट शोधत होते.

एक सोडून चार मिळाल्या. कमरेला खोचल्याची पुसट रेघ वरच्या काठापासून खूप खाली होती, म्हणजे बाई बुटकी होती. दिवाणखान्यातल्या फोटोत नुसता चेहरा, त्यामुळे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उंच आहे. मी तशीच उठून आरशासमोर जाऊन आले. निळ्या साडीवर शाईचा मोठा डाग, तो घालवायला कशाने तरी घासून घासून भोक पाडलेलं. पिवळीला निऱ्यांपाशी शेगडीचा चटका. आणि रफू? ते रफू नव्हतंच, दोऱ्याचा गोळा होता. इतकी नावाजलेली बाई, आणि सुई धरता येत नव्हती. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण त्याच निळ्या साडीच्या पदराचं टोक पाहिलं आणि हात थांबला. तिथे कापड चावून चावून चिंध्या झाल्या होत्या. बारीक बारीक भोकं. आधी मला वाटलं उंदीर. मग उलगडा झाला. रुनूला दात येत होते तेव्हा ती तो पदर तोंडात धरत असणार. तिच्या पहिल्या दातांच्या खुणा होत्या त्या. मी कितीही उंच असले, माझं रफू कितीही बेमालूम असलं, तरी ते दात माझ्या पदराला लागलेले नव्हते आणि आता कधी लागणारही नव्हते. माझा असा जळफळाट झाला, की ते टोक कापून शेगडीत टाकावंसं वाटलं. टाकलं नाही. घडी घालून बाजूला ठेवलं आणि बराच वेळ खिडकीतून ट्राम बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मी सांगितलं, "या साड्या फार विरल्यात. वरच्या थराला घातल्या तर दोन हिवाळेसुद्धा निघायचे नाहीत. या आत भराव्याला घालू. वरून माझ्या माहेरच्या साड्या लावते, त्या दणकट आहेत."

शिवणाच्या हिशेबाने हे अगदी बरोबर होतं. कुणालाही विचारा, मऊ, झिजलेलं ते आत आणि धड ते वर, असंच करतात. त्यामुळे माझ्या मनात काय होतं ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. मला सुधा आत हवी होती. दिसायला नको होती. मुलीने उठता-बसता हात फिरवावा तो माझ्या इरकलीवरून.

"माहेरच्या साड्या कापतेस?" सासूबाईंचे डोळे भरून आले. "किती मोठं मन गं तुझं." दोन दिवसांत मंडळभर झालं, दुसरीने पहिलीच्या लेकरासाठी रुखवतातल्या साड्या कापल्या. मला मान वर करायला जागा झाली. मग कुणीतरी म्हणालंच, "सुधासुद्धा अशीच होती हो, देताना मागेपुढे बघायची नाही." घ्या.

हे संध्याकाळी आले, जमिनीवर पडलेले हिरव्या इरकलीचे चौकोन पाहिले. "तुझ्या का?" म्हणाले. "वरचा थर मजबूत हवा," मी म्हटलं. "हं," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. त्या 'हं'चा अर्थ मी आठवडाभर लावत होते.

मी तो वरचा थर जसा केला तसं शिवण पुन्हा आयुष्यात केलं नाही. तळहाताएवढे चौकोन, हिरवा, डाळिंबी, काळी चंद्रकळा, मध्ये नारायणपेठीचा चौकटीचा तुकडा. मिरजेला गोधडी घालायची म्हणजे चार बायका चार कोपऱ्यांवर बसतात, गप्पा मारत टाके घालत एकमेकींकडे सरकतात. इथे कोण बसणार? सासूबाईंना मोतीबिंदू. म्हणून टाके घालायचं काम मासीमांच्या ओळखीच्या एका बाईला द्यायचं ठरलं. ती दमदमकडून यायची, सगळे तिला पारुलची माँ म्हणत. पान खाऊन ओठ लाल आणि जीभ त्याहून तिखट. तिने माझा थर उचलला, उलटा केला, आणि परत माझ्या मांडीवर टाकला.

"हे काय, बौदी? शिवणी उभ्याच्या उभ्या. माझी सुई अडेल. इस्त्री मारा. आणि हे काळे दोरे कापा, लाल कापडाखालून दिसतील."

"हिरव्याखाली नाही ना दिसणार?"

"तुमच्या मुलीचं पांघरूण आहे, की सावकाराचं देणं, कसंतरी उरकायला?"

तुमच्या मुलीचं. त्या दोन शब्दांसाठी मी सगळी इस्त्री पुन्हा केली. निखारे घातलेली जड इस्त्री, प्रत्येक शिवण गडद रंगाकडे झुकवून दाबायची, म्हणजे फिक्या तुकड्याखालून ती दिसत नाही. मग उलट्या बाजूचे सगळे दोरे कात्रीने कापले. कडा दोरी लावून सरळ केल्या. एका बाजूला थर ताणला गेला होता, ती ओळ उसवून पुन्हा जोडली. खालच्या बाजूला मांजरपाट घेतलं, ते आधी पाण्यात भिजवून वाळवलं, मग चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवून कापलं. कारण टाके पडत जातात तसं कापड आत ओढलं जातं आणि शेवटी खालचं तोकडं पडतं. मध्ये एकावर एक तिच्या साड्या, पिवळी, पांढरी, अगदी वर निळी. पदराचं ते चावलेलं टोकसुद्धा आत घातलं, कापलं नाही. त्यावर माझा थर. चारी बाजूंनी कच्चे टाके घातले, आणि ती दिसेनाशी झाली. मला इतकं हलकं वाटलं, की मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले आणि सासूबाई झोपेतून उठल्या.

गोधडी तयार होऊन आली तेव्हा बाजारात खजुराचा नवा नोलेन गूळ आला होता. रुनूच्या अंगावर घातली, म्हटलं, "आवडली?"

"टोचते," ती म्हणाली.

इरकल जाड असते, नवी असताना टोचतेच. पण माझ्या वर्मी लागलं. पहिला हिवाळा तिने ती कुरकुरत पांघरली, दुसऱ्यात सवय झाली, तिसऱ्यात तिला दुसरं काही चालेना. मधेच कधीतरी ती मला आई म्हणायला लागली. कोणत्या दिवशी ते मला सांगता येत नाही. बहुतेक पाणी मागताना म्हणाली. मी पाणी दिलं आणि नंतर लक्षात आलं.

सासूबाई गेल्या. ट्रंक रिकामी होती, फोटो हळूहळू दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेला, सुधाचं नाव घरात निघेनासं झालं. मी काढलं नाही, ह्यांनी काढलं नाही, आणि रुनूने काढावं असं तिच्या आठवणीत काही राहिलंच नव्हतं. मला वाटलं, संपलं. जिंकले मी.

शिवणकाम करणाऱ्या बाईला एक गोष्ट कळायला हवी होती, ती मला कळली नाही. गोधडी फाटते ती वरून. झिजतो तो वरचा थर. धुताना आपटतो तो, उन्हात विटतो तो, मुलांच्या पायात अडकतो तोच. आतलं जसंच्या तसं राहतं. मी मला वर घातलं होतं.

रुनू पंधरा वर्षांची होती. लोडशेडिंगचे दिवस, त्यात तिचा स्वभाव. कपाळावर आठी, आवाज वरच्या पट्टीत, दार आपटणार, आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही अशी गळ्यात पडणार. थंडीतल्या एका सकाळी तिच्या मामी आल्या होत्या. रुनूने काहीतरी उलट उत्तर दिलं तशा म्हणाल्या, "कुणावर गेलीय ही? सुधा तर गाय होती." रुनूचा चेहरा उतरला. ती गच्चीवर गेली. जरा वेळाने मीही अंथरुणं उन्हाला टाकायला वर गेले, तर ती गोधडीवर संत्री सोलत बसली होती आणि एका फाटलेल्या चौकोनात बोट घालून आतलं निळं बाहेर ओढत होती.

"आई, ही आत कुणाची साडी आहे?"

असेल कुठली तरी जुनी, एवढं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तिचं तोंड सकाळच्या बोलण्याने एवढंसं झालं होतं, आणि मला त्या मामीचा राग आला होता.

"तुझ्या आईची," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ सरकली. मी तो चौकोन थोडा आणखी उसवला आणि शाईचा डाग दाखवला. म्हटलं, तिची दौत सांडली आणि मग तिने घासून घासून भोक पाडलं. ती बुटकी होती. एकदा शेगडीपाशी निऱ्यांना चटका बसला होता. सुई धरता येत नव्हती, हे बघ काय रफू केलंय. आणि या टोकावर तुझे दात आहेत.

रुनू हसत होती, डोळे पुसत होती, माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. इतकी जवळ ती कधी बसली नव्हती. अख्खी दुपार. आणि बसली होती ती कुणासाठी, हे मला दिसत होतं. गेली दहा वर्षं मी जिला दडपून ठेवलं, तिच्यासाठी. तरी मला ती दुपार संपायला नको होती.

"तुला एवढं कसं माहीत? तुमची ओळख होती?"

"नाही. एकदाही पाहिलं नाही तिला."

"अजून सांग ना."

अजून माझ्याजवळ काय होतं? साड्यांमध्ये होतं तेवढं संपलं. आता तिच्याबद्दल सांगायला काही उरलं नव्हतं, आणि रुनूचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. म्हणून मी म्हटलं, "आणि भारी रागीट होती."

ती ताठ बसली. "कोण? माझी आई?"

"लोकांना काय माहीत? बाहेर गाय, घरात वाघीण. दार आपटायची. पण पाच मिनिटांत विसरायची, मनात काही ठेवायची नाही."

"म्हणजे मी तिच्यावर गेलेय," रुनू म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही, तिच्या लग्नातसुद्धा, पाहिला नाही. मी फाटलेल्या जागी ठिगळ लावायला सुई काढली, तर तिने हात धरला. "राहू दे असंच. दिसू दे."

दिसू दिलं. आज त्या गोधडीवर माझी इरकल कडेकडेने तेवढी उरली आहे, मधे सगळी निळाई. रुनू मला आई म्हणते आणि तिला 'माझी आई' म्हणते. आता हे नाहीत, मासीमा नाहीत, मामी नाहीत. सुधाला पाहिल्याचं आठवणारं कुणी उरलं नाही. ती बुटकी होती हेसुद्धा माझ्यामुळेच लोकांना माहीत आहे. तरी ते 'माझी' ऐकलं की या वयातही आत चरका बसतो. वयाने शहाणपण येतं म्हणतात. मला गुडघेदुखी आली.

यंदा दुर्गापूजेला इरा आली होती, तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन. जेवणाच्या टेबलावर त्या पोरीला वरण नको होतं. चमचा फेकला, किंचाळली, खुर्चीवरून उतरून पाय आपटत आतल्या खोलीत गेली आणि दार असं आदळलं की भिंतीवरचं घड्याळ हललं. पाच मिनिटांनी बाहेर आली, माझ्या मांडीवर चढून बसली आणि माझ्याच ताटातलं वरण खायला लागली.

इराने कपाळाला हात लावला. "कुणावर गेलीय ही, देव जाणे."

"माझ्या आईवर," रुनू म्हणाली. काय तो अभिमान तिच्या आवाजात. "माझा राग तिचा, तुझा तिचा, आता हिचा. भयंकर रागीट होती, पण मनात काही ठेवायची नाही." मग वाटीत आमटी वाढता वाढता तिने माझ्याकडे पाहिलं. "हो ना गं, आई?"

पोर माझ्या मांडीवर होती. मी तिचं तोंड पुसलं.

"हो," मी म्हटलं. "थेट तिच्यावर."